शिबिराची तपासणी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

सुट्टीतील मुलांच्या शिबिरांविषयी शिबिरचालक, पालक, परिचारिका अशा निरनिराळ्या वाचकांची पत्रे आली आहेत. परवाना देणारे खाते आणि नियमांची कलमे जागोजागी वेगळी असल्याने अर्जांचे नमुने किंवा शुल्काचे तपशील येथे दिलेले नाहीत. आरोग्य आणि सुरक्षेची तपासणी जिथे काळजीपूर्वक होते तिथे काय पाहिले जाते आणि का पाहिले जाते, एवढ्यापुरती ही उत्तरे आहेत. आपल्या ठिकाणचा नियम यापेक्षा कडक असेल तर तोच पाळावा.

प्रश्न : आम्ही प्रथमच ८ ते १४ वयोगटातील मुलांचे निवासी शिबिर घेत आहोत. जागा वर्षातील बराच काळ बंद असते. शिबिर सुरू होण्यापूर्वी एक आणि शिबिर चालू असताना एक अशा दोन तपासण्या होतील, असे आम्हाला कळवण्यात आले आहे. इमारतीला रंग दिला आहे, प्रथमोपचार पेटी आणली आहे आणि अग्निशामके भिंतीवर लावली आहेत. आणखी काय करावे?

उत्तर : दोन्ही तपासण्यांचा रोख वेगळा असतो. पहिल्या वेळी मुले आलेली नसतात, त्यामुळे तपासनीस जागा पाहतो. दुसऱ्या वेळी तो माणसे पाहतो. आपण लिहिलेल्या तीन गोष्टींपैकी दोन पहिल्या तपासणीत मोडतात आणि रंग कोणत्याच तपासणीत मोडत नाही.

बंद असलेल्या जागेत सुरुवात पाण्यापासून करावी. नळांत आणि टाकीत महिनोन्‌महिने साचून राहिलेल्या पाण्यातील क्लोरीन उडून गेलेले असते आणि साधारण २५ ते ४५ अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्यात लिजिओनेला हा जीवाणू वाढतो. तो पाणी प्यायल्याने फारसा बाधत नाही. शॉवरच्या तुषारांतून श्वासावाटे फुप्फुसात गेला, तर न्यूमोनिया होतो. म्हणून टाकी रिकामी करून घासून घ्यावी, निर्जंतुक करावी आणि मग प्रत्येक नळ व प्रत्येक शॉवर, कोपऱ्यातला कोणी न वापरणारा धरून, बराच वेळ वाहू द्यावा. त्यानंतर पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार १०० मिलिलिटर पिण्याच्या पाण्यात ई. कोलाय हा जीवाणू मुळीच आढळता कामा नये. ‘थोडासा आहे’ हा निष्कर्ष येथे चालत नाही. क्लोरीन घातल्यावर अर्ध्या तासाने दर लिटरमागे किमान ०.५ मिलिग्रॅम आणि शेवटच्या नळाशी किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावे. पाणी गढूळ असेल तर क्लोरीनचा बराचसा भाग त्या गाळावरच खर्च होतो, म्हणून आधी गाळणे आणि मग क्लोरीन, हा क्रम बदलू नये. विहीर किंवा कूपनलिका असल्यास शौचालयाचा शोषखड्डा तिच्यापासून किती दूर आहे आणि जमिनीचा उतार कोणत्या बाजूला आहे, हे तपासनीस स्वतः चालून पाहतो. प्रयोगशाळेच्या अहवालाला काही दिवस लागतात, म्हणून हे काम शेवटच्या आठवड्यावर टाकू नये.

झोपण्याच्या खोल्यांत बाहेर पडण्याचे मार्ग पाहिले जातात. एकमेकांपासून दूर असलेले दोन मार्ग हवेत आणि आतून किल्लीशिवाय उघडणारी दारे हवीत. चोरांच्या भीतीने रात्री बाहेरून कुलूप लावण्याची सवय काही ठिकाणी असते. ती आढळली तर बाकी सारे नीट असूनही शिबिर थांबवले जाते आणि तसेच व्हायला हवे. धूरशोधक यंत्रे बटण दाबून वाजवून पाहिली जातात. इंधनावर चालणारा बंब, शेगडी किंवा जनित्र जवळ असेल तर कार्बन मोनॉक्साइड शोधणारे यंत्रही लागते, कारण या वायूला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो उठवत नाही. जनित्र खोलीच्या खिडक्यांपासून किमान ६ मीटर दूर आणि धूर बाहेरच्या दिशेने जाईल असे ठेवावे. दुमजली पलंग असतील तर वरच्या गादीच्या दोन्ही बाजूंना कठडा हवा आणि तो गादीच्या पृष्ठभागापासून निदान १३ ते १६ सेंटिमीटर वर आलेला हवा. जाड गादी आणली की तोच कठडा अपुरा ठरतो, ही गोष्ट खरेदीच्या वेळी कोणाच्या ध्यानात येत नाही. ६ वर्षांखालील मुलाला वर झोपवू नये. आपल्या वयोगटात तो प्रश्न नाही, परंतु कार्यकर्त्यांची लहान मुले शिबिरात येतात, त्यांचे काय ते आधी ठरवावे.

अग्निशामके लावली हे चांगले झाले. त्यांच्या दाबमापकाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, खिट्टीचे सील शाबूत आहे का आणि शेवटची तपासणी केव्हा झाली याची चिठ्ठी अडकवली आहे का, हे पाहून घ्यावे. स्वयंपाकघरातील अग्निशामक चुलीच्या मागच्या भिंतीवर नसावे. आग लागल्यावर हात तिथे पोचत नाही.

जागा नदी-ओढ्याच्या काठी असेल तर पहिल्या तपासणीत आणखी एक प्रश्न येतो आणि तो माझ्या मते सर्वांत कमी विचारला जातो : रात्री पाणी चढू लागले तर मुलांना कोण उठवणार, कोणत्या वाटेने नेणार आणि उंचावरची जागा कोणती? पाऊस शिबिराच्या जागी पडलेला नसतानाही वरच्या खोऱ्यातल्या पावसाने ओढा फुगतो. हवामानाचा इशारा रात्री ज्याच्या फोनवर येईल त्या माणसाचे नाव लेखी हवे, तो जागा असेल अशी व्यवस्था हवी आणि तिथे फोनची रेंज नसेल तर दुसरे साधन हवे. सर्वांत खालच्या पातळीवरच्या खोल्यांत सर्वांत लहान मुलांना ठेवू नये.

दुसरी तपासणी बहुधा न कळवता होते. तपासनीस कार्यालयात कागद पाहण्याआधी मैदानावर जातो आणि गटाबरोबरच्या एखाद्या ताईला किंवा दादाला, शक्यतो सर्वांत नवख्याला, विचारतो : तुझ्या गटात आत्ता मुले किती आहेत? त्यांतल्या कोणाला ॲलर्जी आहे? एखादे मूल दिसेनासे झाले तर तू पहिल्यांदा काय करशील? ही उत्तरे अडखळत आली, तर संचालकांच्या टेबलावरील जाडजूड आपत्कालीन आराखड्याचा फारसा उपयोग होत नाही. प्रत्येक धोक्यासमोर एका माणसाचे नाव असावे, त्या माणसाला ते ठाऊक असावे आणि केलेल्या कामाची त्याच दिवसाची नोंद असावी, हे तपासणीचे खरे सूत्र आहे. ‘आम्ही सगळेच लक्ष ठेवतो’ हे वाक्य तपासनीसाला सर्वाधिक खटकते, आणि ते रास्त आहे.

किती मुलांमागे किती मोठी माणसे, याचे आकडे ठिकाणानुसार बदलतात. अमेरिकन कॅम्प असोसिएशनच्या मानकांत निवासी शिबिरासाठी ६ ते ८ वर्षांच्या दर ६ मुलांमागे एक, ९ ते १४ वर्षांच्या दर ८ मुलांमागे एक आणि १५ ते १८ वर्षांच्या दर १० मुलांमागे एक कार्यकर्ता, असे प्रमाण आहे. दिवसभराच्या शिबिरासाठी ते थोडे सैल आहे. हे प्रमाण मोजताना स्वयंपाकी, वाहनचालक आणि कार्यालयात बसणारे संयोजक धरायचे नसतात, आणि मुलांची संख्या एकूण शिबिराची नव्हे तर त्या क्षणी त्या गटाची घ्यायची असते. पत्रिकेवरची बेरीज बरोबर आणि मैदानावर मात्र तीस मुलांमागे एकच दादा, असे चित्र दुसऱ्या तपासणीत हमखास दिसते, कारण उरलेले सारे संध्याकाळच्या कार्यक्रमाच्या तयारीला गेलेले असतात.

आग लागल्यास बाहेर पडण्याचा सराव मुले आल्याच्या पहिल्याच दिवशी घ्यावा आणि त्याची वेळ, किती मिनिटे लागली, किती मुले मोजली गेली, हे लिहून ठेवावे. शेवटच्या दिवशी घेतलेल्या सरावाची नोंद दाखवून काही मिळत नाही.

प्रश्न : आमचे स्वयंपाकी जुने आणि जाणते आहेत. हात लावून पदार्थ झाला की नाही ते सांगतात. तरीही तपासनीसांनी तापमापक नसल्याचा शेरा मारला. हा निव्वळ कागदी आग्रह नव्हे काय?

उत्तर : नाही. स्वयंपाक्याला पदार्थ शिजल्याचे कळते, यात शंका नाही. परंतु शिबिरात मुले आजारी पडतात ती बहुतेक वेळा पदार्थ कच्चा राहिल्याने नव्हे, तर तो शिजल्यानंतर कोमट अवस्थेत पडून राहिल्याने. जीवाणू साधारण ५ ते ६० अंश सेल्सियसच्या दरम्यान झपाट्याने वाढतात. त्यामुळे जागतिक आरोग्य संघटनेने घालून दिलेले ठोकताळे असे आहेत : आतल्या भागापर्यंत किमान ७० अंश तापमान गेले पाहिजे, गरम वाढायचा पदार्थ ६० अंशांच्या वर राहिला पाहिजे, थंड ठेवायचा पदार्थ ५ अंशांच्या खाली राहिला पाहिजे आणि शिजवलेले अन्न खोलीच्या तापमानाला दोन तासांहून अधिक ठेवता कामा नये. पन्नास अंश आणि पासष्ट अंश यांतला फरक हाताला नेमका सांगता येत नाही. दोन्ही गरमच लागतात.

मोठ्या पातेल्यांचा प्रश्न घरच्या स्वयंपाकात उद्भवतच नाही, म्हणून अनुभवी माणसांचाही तेथे अंदाज चुकतो. शंभर जणांसाठी शिजवलेला भात किंवा रस्सा झाकून ठेवला तर त्याचा गाभा कित्येक तास कोमट राहतो. भातातील बॅसिलस सेरिअस या जीवाणूचे बीजाणू शिजवण्यातून वाचतात आणि त्या कोमट गाभ्यात वाढून विष तयार करतात. ते विष पुन्हा उकळूनही नष्ट होत नाही. ‘सकाळी चांगले तापवून दिले होते’ हा बचाव म्हणून टिकत नाही. उरलेले अन्न ठेवायचेच असेल तर उथळ परातींत पसरून लगेच थंड करावे. माझे स्वतःचे मत असे, की ज्या शिबिरात मोठी शीतपेटी आणि ती सांभाळणारा माणूस नाही, तेथे उरलेले अन्न दुसऱ्या दिवशी मुलांना देण्याच्या भानगडीत पडूच नये.

तापमापकाबरोबर नोंदवहीही ठेवावी. शीतपेटीचे तापमान दिवसातून दोनदा आणि प्रत्येक मुख्य पदार्थाचे तापमान वाढण्यापूर्वी लिहावे. तपासनीस ही वही उघडून आधी एकच गोष्ट पाहतो : सर्व दिवसांच्या नोंदी एकाच शाईत, एकाच बैठकीत लिहिल्यासारख्या दिसतात का.

आपण विचारलेले नाही, तरी एक सांगतो. उलट्या-जुलाब झालेल्या स्वयंपाक्याला किंवा वाढप्याला त्रास थांबल्यानंतर आणखी ४८ तास स्वयंपाकघरात येऊ देऊ नये. नोरोव्हायरसचा संसर्ग लक्षणे गेल्यावरही चालू राहतो आणि हाताला चोळण्याच्या अल्कोहोलचा त्याच्यावर भरवशाचा परिणाम होत नाही. साबण आणि वाहते पाणीच लागते. शौचालयाबाहेर सॅनिटायझरची बाटली टांगून हात धुण्याचे नळ कमी करणाऱ्या शिबिरांनी याची नोंद घ्यावी. आजारी कार्यकर्त्याची मजुरी कापली जात असेल तर तो आजार लपवणारच, हेही व्यवस्थापनाने समजून असावे.

प्रश्न : शिबिराच्या शेजारी तळे आहे. येणारी बहुतेक मुले पोहायला शिकलेली आहेत आणि आमचे क्रीडाशिक्षक उत्तम पोहतात. स्वतंत्र जीवरक्षकाची अट आम्हाला लागू होऊ नये, असे वाटते.

उत्तर : ही अट शिथिल करावी असे मला वाटत नाही, आणि तपासनीसही ती करणार नाही. चांगले पोहणे आणि जीवरक्षण ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. शिवाय क्रीडाशिक्षक शिकवत असतील, तर त्यांची नजर शिकणाऱ्या चार मुलांवर असते. उरलेले पाणी कोणीच पाहत नसते. जीवरक्षकाने त्या वेळात शिकवायचे नसते, हजेरी घ्यायची नसते, फोन पाहायचा नसतो. त्याने फक्त पाहायचे असते आणि नजर थकते म्हणून त्याला ठरावीक वेळाने बदली द्यायची असते.

बुडणारे मूल हात हलवून ओरडते, ही समजूत घातक आहे. श्वासासाठी झगडणाऱ्या मुलाला ओरडता येत नाही. त्याचे शरीर पाण्यात उभे असते, हात बाजूला पसरून तो नकळत पाणी खाली दाबत असतो, तोंड पाण्याच्या वर-खाली होत असते आणि हे सारे वीस सेकंद ते एक मिनिट एवढ्याच अवधीत संपते. काठावर गप्पा मारणाऱ्या मोठ्या माणसांना ते मूल खेळतेय असेच वाटते. म्हणून पुष्कळ प्रशिक्षणांत जीवरक्षकाने धोका दहा सेकंदांत ओळखावा आणि पुढच्या वीस सेकंदांत त्या मुलापर्यंत पोचावे, अशी कसोटी ठेवतात. या कसोटीवर एका जीवरक्षकाने किती पाणी सांभाळायचे ते आपोआप ठरते.

‘बहुतेक मुले’ या आपल्या शब्दांत उरलेली मुले दडलेली आहेत. पालकांनी अर्जात लिहिलेल्या पोहण्याच्या क्षमतेवर विसंबू नये. पहिल्याच दिवशी प्रत्येक मुलाची उथळ पाण्यात चाचणी घ्यावी आणि न पोहणाऱ्यांचे क्षेत्र दोरी व तरंगत्या खुणांनी वेगळे करावे. बांधीव तलावात पोहणारे मूल नैसर्गिक तळ्यात तितकेच सुरक्षित नसते : तळ गाळाचा असतो, खोली एकदम वाढते, पाणी खाली थंड असते आणि मुख्य म्हणजे तळ दिसत नाही. पाण्याखाली गेलेले मूल दिसणारच नसेल, तर चांगल्यात चांगल्या जीवरक्षकाचाही उपयोग मर्यादित राहतो, म्हणून गढूळ तळ्यात पोहण्याचा कार्यक्रम ठेवू नये. उन्हाळ्यात पाण्यावर हिरवट-निळसर साय धरली असेल, तर ती विषारी नील-हरित शैवालाची असू शकते. ती विरेपर्यंत पाणी बंद ठेवावे.

मुलांच्या जोड्या लावणे आणि दर दहा मिनिटांनी शिट्टी वाजवून जोड्या मोजणे ही साधी पद्धत फार कामाची आहे. तिला जोड म्हणून काठावर फळा ठेवतात : पाण्यात उतरताना मुलाने आपल्या नावाची चकती एका बाजूला अडकवायची, बाहेर आल्यावर दुसऱ्या बाजूला. वेळ संपल्यावर एक चकती चुकीच्या बाजूला दिसली, तर ते मूल विसरभोळे आहे असे आधी मानायचे नाही. ते पाण्यात आहे असे मानून शोध सुरू करायचा. होडीत बसणाऱ्या प्रत्येकाला, पट्टीच्या पोहणाऱ्यालाही, मापाचे जीवरक्षक जाकीट हवे. काठावर दोरीचे तरंगते कडे आणि लांब काठी हवी, आणि तिथल्या माणसांना हृदय-फुप्फुस पुनरुज्जीवन (सीपीआर) येत असावे. बुडालेल्याच्या बाबतीत मूळ अडचण प्राणवायूच्या अभावाची असते. त्यामुळे फक्त छाती दाबणे पुरत नाही, तोंडाने श्वास देण्यापासून सुरुवात करावी लागते. प्रशिक्षण घेताना हे आवर्जून विचारून घ्यावे.

मेघगर्जना ऐकू आली की पाणी लगेच रिकामे करायचे आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे कोणालाही उतरू द्यायचे नाही. मुले कुरकुरतील, कुरकुरू द्यावीत.

पुढेमागे बांधीव तलाव वापरणार असाल तर थोडक्यात : तळाचे निचऱ्याचे झाकण काठावरून स्पष्ट दिसले पाहिजे आणि ते पक्के बसवलेले पाहिजे, कारण तुटक्या झाकणाशी पाण्याची ओढ मुलाचे केस किंवा अंग धरून ठेवते. मुक्त क्लोरीन दर लिटरमागे किमान १ मिलिग्रॅम आणि पीएच ७.० ते ७.८ असावा. क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी मात्र व्यवस्थित क्लोरीन असलेल्या पाण्यातही आठवडाभराहून अधिक जगतो, म्हणून जुलाब होणाऱ्या मुलाला तलावात उतरवणे हा इतर सर्वांवर अन्याय आहे.

प्रश्न : मी परिचारिका आहे आणि एका शिबिरात आरोग्याची जबाबदारी घेतली आहे. पालक मुलांच्या पिशवीत गोळ्यांची डबी ठेवून देतात आणि ‘मुलाला माहीत आहे’ असे सांगतात. तपासणीत याबद्दल काय पाहतील?

उत्तर : औषध मूळ वेष्टनात, मुलाच्या नावासह, डॉक्टरांच्या लेखी सूचनेसह आणि पालकांच्या स्वाक्षरीसह आले पाहिजे. चिठ्ठी नसलेली डबी स्वीकारू नये. मुलाला सोडायला आलेल्या पालकांना तिथेच थांबवून कागद पूर्ण करून घ्यावा, कारण ते निघून गेल्यावर तो कागद कधीच पूर्ण होत नाही. औषधे कुलुपात राहतील, थंड ठेवायची औषधे अन्नापासून वेगळ्या शीतपेटीत राहतील आणि दिलेल्या प्रत्येक मात्रेपुढे वेळ व सही राहील. चुकलेली मात्राही लिहावी. नोंदवहीत एकही चूक नसणे हे काटेकोरपणाचे लक्षण असतेच असे नाही.

कुलुपाच्या नियमाला दोन अपवाद आहेत आणि ते आपल्या सर्व सहकाऱ्यांना पाठ असावेत : दम्याचा पंप आणि तीव्र ॲलर्जीसाठीचे एपिनेफ्रिनचे इंजेक्शन. ही दोन्ही मुलाजवळ किंवा त्याच्या गटाच्या ताई-दादांजवळ असावीत, कार्यालयाच्या कपाटात नव्हे. गट टेकडीवर आणि इंजेक्शन कपाटात, अशी स्थिती तपासनीस गंभीर त्रुटी मानतो. हे इंजेक्शन मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कपड्यावरूनही, देता येते. ५ ते १५ मिनिटांत उतार पडला नाही तर दुसरे द्यावे लागते, म्हणून दोन जवळ असावीत. अंगावर पित्त उठल्यावर द्यायच्या गोळीने त्याची जागा भरून निघत नाही. इंजेक्शन उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नये आणि बर्फातही ठेवू नये.

लसीकरणाची नोंद प्रत्येक मुलाची आणि प्रत्येक कार्यकर्त्याची असावी. कार्यकर्त्यांची बहुतेक ठिकाणी नसते. गोवराचा रुग्ण अंगावर पुरळ येण्याच्या चार दिवस आधीपासून दुसऱ्यांना बाधित करू शकतो आणि तो खोलीतून गेल्यावरही विषाणू हवेत दोन तासांपर्यंत राहतो, त्यामुळे रुग्ण सापडेपर्यंत उशीर झालेला असतो. त्या वेळी कोणाला लस झालेली आहे हे अर्ध्या तासात सांगता आले, तर घबराट बरीच टळते. आजारी मुलाला वेगळे ठेवण्यासाठी स्वतंत्र शौचालयासह खोली हवी.

उष्णतेबद्दल एकच गोष्ट ठळकपणे सांगतो. उन्हात खेळणारे मूल गोंधळल्यासारखे बोलू लागले किंवा कोसळले आणि अंग तापलेले असेल, तर गाडी शोधत बसू नये. रुग्णवाहिका बोलवावी, पण त्याच क्षणी मुलाला थंड पाण्यात बसवावे किंवा भरपूर पाणी ओतून वारा घालावा. आधी थंड करणे, मग हलवणे. शरीराला नव्या उष्णतेची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात आणि शिबिर बहुधा त्याआधीच संपते, म्हणून दुपारचे कार्यक्रम पहिल्या दिवसापासूनच सावलीत ठेवावेत. जनावर चावले किंवा खोलीत वटवाघूळ सापडले, तर ती घटना किरकोळ म्हणून सोडू नये : जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि रेबीजच्या लसीचा निर्णय त्याच दिवशी डॉक्टरांकडून घ्यावा.

प्रश्न : शिबिराच्या माहितीपत्रकावर ‘तपासणी उत्तीर्ण’ असे छापले आहे. आई म्हणून एवढ्यावर मी निश्चिंत राहू का?

उत्तर : तपासणी म्हणजे त्या दिवशी आढळलेली स्थिती. ती आवश्यक आहे, पुरेशी नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेच्या तिसऱ्या कलमात मुलांची काळजी घेणाऱ्या संस्थांनी सुरक्षा, आरोग्य, कर्मचाऱ्यांची संख्या व योग्यता आणि सक्षम देखरेख यांबाबत ठरवून दिलेली मानके पाळावीत, असे म्हटले आहे. त्यांतील पहिल्या दोन गोष्टी तपासनीसाला डोळ्यांनी दिसतात. शेवटच्या दोन आपल्याला विचारूनच कळतील.

तेव्हा उत्तीर्ण झालात का, असे न विचारता मागील अहवाल दाखवा, असे म्हणावे. अहवालात त्रुटी असणे वाईट नाही. त्याच त्रुटी पुढच्या अहवालात पुन्हा असणे वाईट. मग कार्यकर्ते कसे निवडले, त्यांची चारित्र्य पडताळणी आणि आधीच्या कामाच्या ठिकाणची विचारपूस झाली का, हे विचारावे. एक मोठा माणूस आणि एक मूल बंद जागेत एकटे राहणार नाहीत, असा लेखी नियम आहे का? अंघोळीच्या वेळी, रात्री आणि आजारी मुलाच्या खोलीत तो कसा पाळला जातो? मुलांची छायाचित्रे कोण काढतो? आपल्या मुलीला घरी फोन करावासा वाटला, तर तिला कोणाची परवानगी घ्यावी लागेल? हे प्रश्न विचारताना संकोच वाटतो हे खरे आहे, परंतु ज्या शिबिराने यावर विचार केलेला असतो ते रागावत नाही. उत्तर तयार असते. ‘आमच्याकडे असले काही होत नाही’ एवढेच ऐकू आले, तर मी मुलाला पाठवणार नाही.

आपल्या बाजूनेही एक कर्तव्य आहे. प्रवेश नाकारला जाईल या भीतीने पालक फिट येणे, झोपेत चालणे, अंथरूण ओले करणे अशा गोष्टी अर्जात लिहीत नाहीत. झोपेत चालणाऱ्या मुलाला वरचा पलंग दिला गेला, तर त्यात शिबिराची चूक शोधता येणार नाही.

प्रश्न : आमचे शिबिर रोज चारच तासांचे असते, एका सभागृहात चित्रकला आणि खेळ घेतो. आम्हालाही हे सारे लागू आहे का?

उत्तर : परवान्याची गरज तास, दिवस आणि मुलांची संख्या यांवर ठरते, ते स्थानिक कार्यालयातून लेखी विचारून घ्यावे. परवाना लागत नसला तरी बाहेर पडण्याची दारे, मोजणी, ॲलर्जीची यादी आणि मुलाला न्यायला कोण येणार याची पालकांनी दिलेली नावे, एवढे ठेवावेच. चार तासांच्या शिबिरात धोक्याची वेळ शेवटची दहा मिनिटे असते, जेव्हा दाराशी गर्दी होते आणि ‘मी तिचा काका’ असे सांगून कोणीही येऊ शकतो. वाहनाने ने-आण करत असाल तर मुले उतरल्यावर चालकाखेरीज दुसऱ्या माणसाने शेवटच्या आसनापर्यंत चालत जाऊन गाडी पाहावी.

प्रश्न : तपासणीत त्रुटी निघाल्या तर शिबिर लगेच बंद होते का? आणि एखादी दुर्घटना घडल्यास ती कळवल्यामुळे आपणच अडचणीत येतो का?

उत्तर : त्रुटींच्या सामान्यतः दोन पायऱ्या असतात. मुलांच्या जिवाला तत्काळ धोका असेल, उदाहरणार्थ दूषित पाणी, कुलूपबंद दार, जीवरक्षकाविना पोहणे, तर तो उपक्रम किंवा संपूर्ण शिबिर तिथल्या तिथे थांबवले जाते. बाकीच्यांसाठी मुदत मिळते आणि पुन्हा तपासणी होते. तपासनीस असतानाच जे दुरुस्त करता येईल ते करून टाकावे आणि अहवालात ‘जागीच दुरुस्त’ अशी नोंद मागून घ्यावी. शेरा चुकीचा वाटला तर वाद न घालता आपले म्हणणे लेखी जोडावे. सही करणे म्हणजे शेरा मान्य करणे नव्हे, अहवाल मिळाल्याची ती पोच असते.

दुर्घटना मात्र कळवावीच. मृत्यू, रुग्णालयात न्यावी लागलेली दुखापत, पाण्यातून वाचवण्याची वेळ येणे, अन्नविषबाधेचा किंवा साथीचा संशय, चुकीचे औषध दिले जाणे आणि मुलाशी गैरवर्तनाची तक्रार या गोष्टी बहुतेक ठिकाणच्या नियमांत ठरावीक तासांच्या आत कळवायच्या असतात. गैरवर्तनाच्या तक्रारीत आधी स्वतः चौकशी करून खरेखोटे ठरवण्याचा अधिकार शिबिराला नसतो. मुलाला वारंवार प्रश्न विचारू नयेत, त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून घ्यावेत आणि संबंधित यंत्रणेकडे सोपवावेत. एकाच जेवणानंतर दोन मुलांना उलट्या झाल्या, तर तिसऱ्याची वाट पाहू नये. त्या जेवणाचा थोडा भाग बाजूला काढून, तारीख लिहून शीतपेटीत ठेवलेला असेल, तर कारण शोधणे पुष्कळ सोपे जाते; म्हणून प्रत्येक जेवणाचा असा नमुना निदान तीन दिवस ठेवण्यास स्वयंपाकघराला आजच सांगावे.